निरोप पोचला का? घरच्या वेळापत्रकाबद्दल वाचकांचे प्रश्न

पालकसभा, पाण्याची वेळ, आजोबांची तपासणी, भिशी, क्लासची बदललेली वेळ. घरातल्या चार-पाच माणसांचे दिवस एकमेकांत अडकलेले असतात आणि त्या सगळ्याचा मेळ बहुतेक घरांत एकाच माणसाच्या डोक्यात असतो. ते माणूस दोन दिवस तापाने झोपलं की घर अडतं. या वेळी आलेल्या पत्रांतून याच विषयावरची पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : घरात आम्ही पाच जण. आम्ही दोघं नोकरीला, मुलगी आठवीत, मुलगा चौथीत आणि सासूबाई. शाळेचे निरोप माझ्या फोनवर येतात, सोसायटीचे ह्यांच्या फोनवर. सासूबाई साधा फोन वापरतात. गेल्या महिन्यात मुलीची पालकसभा आणि सासूबाईंची डोळ्यांची तपासणी एकाच सकाळी आली आणि आम्हा दोघांनाही वाटलं की दुसरा जाणार आहे. घरचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पण त्यात कामाचं सगळं वाहून जातं. फोनमधलं कॅलेंडर वापरावं की भिंतीवरचं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : भिंतीवरचं. तुमच्या घरातल्या पाचांपैकी सासूबाई आणि धाकटा मुलगा, या दोघांना फोनमधलं कॅलेंडर दिसणारच नाही. घरात फोन सगळ्यांत कमी वापरणाऱ्या माणसाला जे वाचता येतं, तेच घराचं मुख्य कॅलेंडर. फोन आहे तो आठवण करून द्यायला.

कालनिर्णय १९७३पासून मराठी घरात आहे आणि त्यावर दुधाचा हिशोब लिहायची सवयही तितकीच जुनी. पण त्याच्या चौकटीत तिथी, नक्षत्र, सण, सूर्योदय एवढं छापल्यावर बोटभरच जागा उरते. तिथे दूध आणि सिलिंडर मावतात, पाच माणसांची कामं मावत नाहीत. कालनिर्णय त्याच्या जागी राहू द्या आणि कामांसाठी वेगळा कागद लावा.

दुकानात मिळणारा पूर्ण कार्डशीट २२ इंच बाय २८ इंचांचा असतो. तो उभा धरा. आडवे सात रकाने, प्रत्येकी ३ इंच, म्हणजे २१ इंच. उभ्या सहा ओळी, प्रत्येकी ४ इंच, म्हणजे २४ इंच. वर उरलेल्या ४ इंचांत महिना आणि वार. ओळी पाच नकोत, सहाच हव्यात, कारण ३१ दिवसांचा महिना शनिवारी किंवा रविवारी सुरू झाला की पाच ओळींत बसत नाही आणि शेवटचे दिवस कोपऱ्यात कोंबावे लागतात. आठवडा सोमवारपासून आखा. शनिवार-रविवार शेजारी आले की सुट्टीतली कामं एका नजरेत दिसतात.

लावायचा कुठे, यावर निम्मं यश आहे. कपाटाच्या दाराआड नको, शेगडीजवळही नको, तिथे वाफेने आणि तेलाने महिन्यात कागद मऊ पडतो. स्वयंपाकघरातून बाहेरच्या दाराकडे जाताना जी भिंत लागते, जिथे चपला घालायला माणूस थांबतं, ती जागा चांगली. खालची कड जमिनीपासून साधारण तीन फुटांवर ठेवा, म्हणजे चौथीतल्या मुलाचा हात पोचेल. पेन्सिल दोऱ्याने बांधूनच ठेवा. प्रत्येकाला वेगळ्या रंगाचं पेन ही कल्पना छान वाटते, पण आठवड्याभरात हिरवं पेन दप्तरात जातं आणि लिहायचं राहून जातं. नावाचं पहिलं अक्षर पुरतं.

रोजचं त्यावर लिहू नका. शाळा, क्लास, बस, पाणी येण्याची वेळ हे एका वेगळ्या कागदावर सत्रातून एकदा लिहून बाजूला चिकटवा. कार्डशीटवर फक्त रोजच्याहून वेगळं असेल तेच. रोजचं सगळं लिहिलं की चौथ्या दिवसापासून कुणी त्याकडे बघत नाही.

आता तुमचा घोळ नेमका कुठे झाला ते पाहू. तुम्हा दोघांनाही तारीख माहीत होती. ठरलं नव्हतं ते कोण जाणार हे. म्हणून चौकटीत नुसतं ‘पालकसभा’ लिहिणं म्हणजे अर्धीच नोंद. पूर्ण नोंद अशी : ‘पालकसभा (ताई) ९ वा. बाबा जाणार. ८.३० निघणे. जुनं प्रगतिपुस्तक.’ कोण, निघायचं केव्हा, सोबत काय. कामाची वेळ लिहितात आणि निघायची वेळ विसरतात, ही चूक सर्रास होते. नाशिकमध्ये सकाळी शाळेपर्यंतचा रस्ता वीस मिनिटांचा असेल, तर ती वीस मिनिटं कागदावर दिसली पाहिजेत. डोळ्यांच्या तपासणीत थेंब घालून बाहुली मोठी केली तर पुढचे काही तास धूसर दिसतं. म्हणजे सासूबाईंना नुसतं सोडून यायचं नाही, परतीलाही कुणीतरी हवं, आणि ते नावही त्याच नोंदीत यायला हवं.

दुसरं, नोंद मागे न्या. शुक्रवारी वेशभूषा असेल तर मंगळवारच्या चौकटीत ‘फेटा आणणे’ लिहा. शुक्रवारी प्रकल्प द्यायचा तर बुधवारी ‘कार्डपेपर, फेव्हिकॉल’. रात्री साडेनऊला आठवणाऱ्या वस्तू बहुतेक अशाच, मागे न नेलेल्या असतात.

हे सगळं चालतं ते रविवारच्या पंधरा मिनिटांवर. संध्याकाळचा चहा झाला की सगळ्यांनी कागदासमोर यायचं. आधी तुम्ही शाळेचे गेल्या सात दिवसांतले निरोप वर सरकवून वाचायचे, मग ह्यांनी सोसायटीचे, मग मुलांनी डायरी उघडायची, सासूबाईंनी त्यांचं सांगायचं. एकमेकांवर येणारी कामं आधी सोडवा, आणि जो जाणार त्यानेच स्वतःच्या हाताने आपलं अक्षर लिहायचं. हे शेवटचं कृपा करून गाळू नका. दुसऱ्याने लिहिलेलं ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणून झटकता येतं, स्वतः लिहिलेलं नाही. तुम्ही एकट्याने सगळं लिहू लागलात तर कागद बदलला एवढंच, भार तुमच्याच डोक्यावर राहिला. आणि त्या पंधरा मिनिटांत गुण आणि पैसे हे दोन विषय काढू नका. ते निघाले की मुलं तिसऱ्या रविवारी बसत नाहीत.

व्हॉट्सॲपसाठी वेगळा ग्रुप करा, ज्यांच्याकडे तो आहे त्यांच्यापुरताच. सुप्रभात, विनोद, व्हिडिओ जुन्या ग्रुपवर चालू द्या, नव्यावर फक्त काम. एका निरोपात एकच काम, सुरुवातीला नाव : ‘बाबा, येताना ६ वाजेपर्यंत दूध अर्धा लिटर.’ ज्याचं नाव त्याने ‘हो’ किंवा ‘जमणार नाही’ एवढं लिहायचंच. दोन निळ्या खुणा म्हणजे निरोप उघडला गेला, काम स्वीकारलं गेलं नव्हे. महत्त्वाचा निरोप वर पिन करता येतो, त्याला २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस अशी मुदत असते आणि एका वेळी तीन निरोप पिन राहतात. आज संपणारं काम ग्रुपवर राहिलं तरी चालेल. उद्याचं किंवा त्यापुढचं असेल तर ते त्याच रात्री भिंतीवर गेलं पाहिजे.

प्रश्न : ह्यांची पाळी दर आठवड्याला बदलते. पहिली ६ ते २, दुसरी २ ते १०, तिसरी रात्री १० ते ६, रविवारी सुट्टी. मी दुकानात ११ ते ७. मुलगी तीन वर्षांची. ह्यांनी गूगल कॅलेंडरमध्ये पाळी टाकली होती, पण महिन्याभरात सगळं उलटंपालटं झालं. शिवाय मला नुसतं ‘व्यस्त’ असं दिसतं. (एक वाचक, भोसरी)

उत्तर : तुमच्या बाबतीत फोनच सोयीचा, कारण तुमचं वेळापत्रक दर तीन आठवड्यांनी तसंच्या तसं परत येतं आणि ते काम फोन न थकता करतो. एकूण तीन नोंदी पुरतात.

संगणकावर किंवा फोनच्या ब्राउझरमध्ये गूगल कॅलेंडर उघडा आणि ‘पाळी’ नावाचं वेगळं कॅलेंडर तयार करा. ह्यांच्या रोजच्या कॅलेंडरमध्ये मिसळू नका. पहिली पाळी ज्या सोमवारी सुरू होते त्या दिवशी सकाळी ६ ते दुपारी २ अशी नोंद करा. पुनरावृत्तीत तयार पर्याय न घेता ‘कस्टम’ निवडा, ‘दर ३ आठवड्यांनी’ असं भरा आणि सोमवार ते शनिवार या सहाही दिवसांवर खूण करा. दुसऱ्या पाळीची नोंद पुढच्या सोमवारपासून, तिसरीची त्याच्या पुढच्या सोमवारपासून, रीत तीच. रात्रपाळी टाकताना शेवट दुसऱ्या दिवशी सकाळी ६ चा आहे ना ते पाहा. तारीख तीच ठेवून १० ते ६ टाकायला गेलं तर वेळ बसत नाही आणि घाईत चुकीची वेळ ठेवली जाते.

उलटंपालटं का झालं असेल याचं बहुधा कारण असं : एखाद्या दिवशी सहकाऱ्याशी पाळी बदलली, ती नोंद दुरुस्त केली, आणि जतन करताना फोनने विचारलं की फक्त ही, ही आणि पुढच्या, की सगळ्या. तिथे ‘सगळ्या’ दाबलं गेलं. एका दिवसाचा बदल असेल तर ‘फक्त ही’. कारखान्यात पाळ्यांचा क्रमच बदलला तर ‘ही आणि पुढच्या’. ‘सगळ्या’ला शक्यतो हात लावू नका, त्याने झालेले दिवसही बदलतात.

तुम्हाला ‘व्यस्त’ दिसतं, कारण कॅलेंडर तुमच्याशी वाटून घेताना सगळ्यांत खालची परवानगी दिली गेली आहे. त्या कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये तुमच्या ईमेलसमोर ‘नोंदींमध्ये बदल करता येईल’ हा पर्याय निवडायला सांगा. आठवणीचा गजर मात्र प्रत्येकाने आपापल्या फोनमध्ये लावायचा असतो. ह्यांनी लावलेला गजर तुमच्याकडे वाजत नाही, आणि बऱ्याच घरांत ‘कॅलेंडर असूनही विसरलो’ ते यामुळेच.

पाळीबरोबर झोपेचीही नोंद करा. रात्रपाळीच्या आठवड्यात मंगळवार ते रविवार, सकाळी ८ ते २, पुन्हा दर तीन आठवड्यांनी. सोमवार नाही, कारण सोमवारी सकाळी माणूस रात्र जागून आलेलं नसतं. शनिवारची रात्रपाळी रविवारी सकाळी ६ ला संपते आणि लगेच सोमवारी ६ ला पहिली पाळी असते. म्हणजे तो रविवार खरा सुट्टीचा नाही. त्या दिवशी पाहुणे किंवा गावी जाऊन येणं ठरवू नका.

आता मुलीचे तास मांडा. तुम्ही साडेदहाला निघून साडेसातला परत येता असं धरलं, तर पहिल्या पाळीच्या आठवड्यात साडेदहा ते तीन तिच्याजवळ कुणी नाही. दुसऱ्या पाळीत ते एकला निघतात, म्हणजे एक ते साडेसात. तिसऱ्यात ते घरी आहेत पण दोनपर्यंत झोपेत, म्हणजे साडेदहा ते दोनही मोकळेच धरायचे. पाळणाघराशी किंवा आजीशी बोलताना हे तीन वेगवेगळे आठवडे तारखांसकट लिहून द्या. ‘कधी सकाळी, कधी दुपारी लागेल’ असं सांगितलं की समोरचं माणूस पूर्ण दिवसाचे पैसे मागतं किंवा नाहीच म्हणतं.

एक जण घरी येतो आणि दुसरा निघतो, त्या घाईत तोंडी निरोप राहतो. दाराजवळ एक छोटी वही ठेवा : मुलीने शेवटचं काय आणि किती वाजता खाल्लं, केव्हा झोपली, औषध दिलं असेल तर कोणतं, किती, केव्हा. औषधाचा मुद्दा फार गंभीर आहे. तापाचं पॅरासिटामॉल सिरप ५ मिलीलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशा वेगवेगळ्या ताकदींत मिळतं, थेंबांची बाटली त्याहून तीव्र असते. म्हणून ‘एक चमचा दिलं’ पुरेसं नाही. बाटलीवरचा आकडा, दिलेले मिलीलिटर आणि वेळ, तिन्ही लिहा. एकाने दिलेलं दुसऱ्याला माहीत नसतं आणि तासाभरात परत दिलं जातं, ते टाळायला ही वही. मात्रा आणि दोन मात्रांमधलं अंतर डॉक्टरांकडून मुलीच्या वजनानुसार लिहून घ्या आणि तो कागद वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.

प्रश्न : आम्ही दोघंच, वय ७४ आणि ७०. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी पुण्यात. मुलगा दर रविवारी रात्री ८ ला फोन करतो. नोव्हेंबरात अचानक तो ९ ला येऊ लागला, आमची जेवणं खोळंबतात. शिवाय औषधांबद्दल मुलगा एक सांगतो, मुलगी दुसरं. (एक वाचक, सांगली)

उत्तर : मुलाची वेळ बदललेली नाही, तिथलं घड्याळ बदललं आहे. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे नेतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. २०२६मध्ये त्या तारखा ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. उन्हाळ्यात न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा तास. मुलगा त्याच्या सकाळी साडेदहाला फोन करतो. तो उन्हाळ्यात आपल्या ८ ला येतो, हिवाळ्यात ९ ला. इंग्लंडमध्ये हाच बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो, फरक साडेचार आणि साडेपाच तास. दुबईत घड्याळ हलत नाही, दीड तास तो दीड तासच.

वेळ तुमच्या घड्याळाने बांधा. तुमचं जेवण, गोळ्या, झोप ठरलेली आहे, आणि साठीनंतर ती हलवण्यापेक्षा मुलाने हिवाळ्यात त्याच्या सकाळी साडेनऊला फोन केलेला बरा. त्याला सांगा की फोनच्या कॅलेंडरमध्ये ही नोंद करताना टाइम झोन कोलकाता निवड. मग तिथलं घड्याळ बदललं तरी आठवण आपल्या रात्री ८ लाच वाजेल.

दोन मुलांच्या दोन सल्ल्यांवर उपाय एकच : खातं वाटून द्या. मुलगी पुण्यात आहे, तपासणीला येऊ शकते, तर डॉक्टर आणि औषधं तिच्याकडे. विमा, बिलं, घरपट्टी, फोनचे रिचार्ज मुलाकडे, ते परदेशातूनही करता येतं. मुलाला औषधाबद्दल शंका असेल तर त्याने बहिणीला विचारायचं, तुम्हाला परस्पर बदल सांगायचा नाही. डॉक्टरांकडून आलात की त्याच दिवशी नव्या चिठ्ठीचा फोटो दोघांना पाठवा. महिनाभर जुनी चिठ्ठी बघून सल्ला दिला जातो, तिथून गोंधळ सुरू होतो.

गोळ्यांसाठी सात दिवसांचा, दिवसाला चार कप्प्यांचा डबा मिळतो. रविवारी आठवड्याचा भरून ठेवायचा. पण एक काळजी. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, चहाच्या आधी अर्धा ते एक तास घ्यायची असते, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब. तिन्ही ‘सकाळ’च्या कप्प्यात टाकल्या की एका घोटात पोटात जातात आणि थायरॉइडच्या गोळीचा गुण कमी येतो. थायरॉइडची बाटली उशाशी वेगळी ठेवा, कॅल्शियम दुपारच्या कप्प्यात. काही गोळ्या पाकिटातून आधी काढून ठेवायच्या नसतात, त्या कोणत्या हे औषधाच्या दुकानात विचारून घ्या.

कपाटाच्या दारावर आतून नव्हे, बाहेरून, मोठ्या अक्षरांत एक कागद लावा : दोघांची नावं, वय, रक्तगट, चालू औषधं मात्रेसकट, कशाची ॲलर्जी, झालेल्या शस्त्रक्रिया, डॉक्टरांचा नंबर, शेजाऱ्यांचा नंबर, विम्याचा पॉलिसी क्रमांक, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही संकटासाठी ११२. खाली कागद लिहिल्याची तारीख. एक गोळी बदलली तरी कागद नव्याने लिहा. खाडाखोड केलेल्या कागदावर रात्री दोनला शेजारी काय वाचणार? एक घडी पाकिटात, एक पर्समध्ये.

प्रश्न : सासऱ्यांचं श्राद्ध आणि मुलाचा तिथीने वाढदिवस मी फोनमध्ये ‘दरवर्षी’ म्हणून टाकला. दुसऱ्या वर्षी दोन्ही चुकले. (एक वाचक, फोंडा, गोवा)

उत्तर : फोनचं ‘दरवर्षी’ इंग्रजी तारखेने चालतं, तिथीने नाही. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान, म्हणून तिथी दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे उडी घेते. गणेश चतुर्थी २०२४मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५मध्ये २७ ऑगस्टला आली, २०२६मध्ये अधिक ज्येष्ठामुळे १४ सप्टेंबरला. आधी अकरा दिवस अलीकडे, मग अठरा दिवस पुढे.

नवं पंचांग हाती आलं की डिसेंबरच्या एका दुपारी बसून वर्षभराच्या तिथींच्या तारखा एकदाच काढा आणि त्या त्या तारखेला सुट्या नोंदी करा, पुनरावृत्ती न लावता. नोंदीत महिना, पक्ष, तिथी पूर्ण लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी पंचांग उघडणाऱ्याला काय शोधायचं ते कळेल. श्राद्धाला अपराह्णकाळी असलेली तिथी धरतात. तिथी दोन दिवसांत विभागली असेल तेव्हा वाढदिवसाची आणि श्राद्धाची तारीख एकाच नियमाने निघत नाही, अशा वर्षी गुरुजींना विचारून मगच लिहा. गुरुजींची वेळ, नातेवाइकांना निरोप आणि सामान यासाठी पंधरा दिवस आधी एक नोंद असू द्या.

प्रश्न : सिलिंडर घेऊन माणूस दारात उभा असतो आणि कोड ह्यांच्या मोबाइलवर, हे लोकलमध्ये. दुधाच्या आणि बाईंच्या सुट्ट्यांच्या हिशोबावरूनही दर महिन्याला बोलणं होतं. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : सिलिंडरचा कोड नोंदणी केलेल्या मोबाइलवर जातो. जो माणूस दुपारी घरी असतो त्याचा नंबर गॅस एजन्सीत नोंदवून घ्या, हा कायमचा उपाय. तोवर कोड आला की ह्यांनी तो लगेच घरच्या ग्रुपवर टाकावा, संध्याकाळपर्यंत थांबू नये. कोड सिलिंडर दारात आल्यावर, वजन आणि सील पाहूनच सांगायचा. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं, दोन्हींची बेरीज काट्यावर दिसली पाहिजे. फोनवरून कुणी कोड मागितला तर देऊ नका. आणि घरातल्या सगळ्यांना नीट समजावा की हा कोड सांगायचा असला तरी बँकेचा कधीच कुणाला सांगायचा नाही. हा फरक वयस्कर माणसांच्या लक्षात राहत नाही, तिथेच फसवणूक होते. फसवणूक झालीच तर १९३० वर लगेच फोन करा.

दुधाचं रोज लिहू नका, वेगळं असेल तेच लिहा. रोज दोन पिशव्या ठरल्या असतील तर कालनिर्णयावर फक्त जास्त-कमी : ‘+१’, ‘−१’, न घेतल्यास फुली. महिन्याचे दिवस गुणिले दोन, त्यात ही बेरीज-वजाबाकी, संपलं. बाईंच्या सुट्टीची खूण त्या परत येतील त्या दिवशी, त्यांच्यासमोर करा आणि महिन्याला किती सुट्ट्या पगारी हे कामाला लागतानाच ठरवून तिथेच लिहा. महिनाअखेरीला आठवणीतून मोजणं दोघांनाही अन्यायाचं होतं, आणि त्यात नुकसान बहुधा बाईंचं होतं.

वीजबिलावर लवकर भरल्यास सवलत मिळण्याची एक तारीख असते आणि नंतरची देय तारीख वेगळी. भिंतीवर पहिली लिहा.

प्रश्न : मुलगा अकरावीत, दोन क्लास. क्लासची वेळ रोज रात्री त्याच्या फोनवर येते आणि तो सांगत नाही. विचारलं की चिडतो. (एक वाचक, लातूर)

उत्तर : दिवसातून पाच वेळा विचारण्याऐवजी एकदाच आणि ठरलेल्या वेळी. क्लासचा निरोप आला की त्याने तो तसाच घरच्या ग्रुपवर पुढे पाठवायचा, टिप्पणी नको, खुलासा नको. बाहेर जाताना तीनच गोष्टी : कुठे, कोणाबरोबर, परत केव्हा. उशीर होणार असेल तर ठरलेली वेळ उलटण्याआधी एक निरोप. तो दोन महिने हे पाळत असेल तर तुम्ही मधल्या वेळेत फोन करायचा नाही, तुमच्या बाजूने हा शब्द पाळणं फार महत्त्वाचं. रात्री उशिरा एकटा परतत असेल तर व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तासांसाठी देता येतं. घरी पोचेपर्यंतचा एक तास पुरे. दिवसभर मुलाचा ठिपका बघत बसू नका. सोळा वर्षांच्या मुलाला ते पाळत ठेवल्यासारखं वाटतं, आणि मग तो फोनच बंद ठेवतो.

आणि त्याचं जेवण वेळेवर अवलंबून असतं हे त्याला सांगा. ‘साडेआठला येतोस की साडेनऊला, त्यावर तुझ्या भाकरी कधी टाकायच्या ते ठरतं’ असं म्हटलं की विचारणं चौकशीसारखं लागत नाही.

प्रश्न : फ्रिजवर लावायला पांढरा बोर्ड आणला, तो चिकटतच नाही. शिवाय मुलीने त्यावर कायमच्या शाईच्या पेनाने लिहून ठेवलं. (एक वाचक, इंदूर)

उत्तर : काचेच्या दाराच्या आणि काही स्टीलच्या फ्रिजवर चुंबक धरत नाही. आणण्याआधी साधं चुंबक लावून पाहायचं. दार धरत नसेल तर फ्रिजची बाजू पाहा, ती बहुधा पत्र्याची असते. तीही भिंतीला लागून असेल तर बोर्ड दुहेरी टेपने भिंतीवर लावा. कायमची शाई काढायला त्याच अक्षरांवरून बोर्डचं पेन गिरवा आणि ओलं असतानाच कापडाने पुसा, दोन-तीनदा केलं की जाते. राहिलंच तर कापसावर सॅनिटायझर घेऊन पुसा. बोर्डची पेनं टोपण घट्ट लावून आडवी ठेवा, टोक वर करून उभी ठेवली की शाई खाली उतरते आणि पेन फिकं चालतं. बोर्डवर फक्त आजचं आणि उद्याचं लिहा, कारण कोपराने पुसलं गेलेलं परत आठवत नाही.